चेहरा बघून सुरी घेतली, भाच्याच्या तळव्याला चार टाके पडले

गेल्या श्रावणात आम्ही गुंजवण्याला नेहमीच्या घरी मुक्कामाला होतो. बाहेर पावसाची झड, राजगड दुपारपासून ढगात. पहाटे उठून चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर जायचा बेत होता. चुलीसाठीचं सरपण दमट झालेलं, म्हणून घरच्या आजी ढलप्या काढायला बसत होत्या. माझा भाचा पटकन उठला. "आजी, राहू द्या, मी देतो काढून." त्याने सॅकमधून सुरी काढली. एकोणिसाव्या वाढदिवसाला मीच त्याला दिलेली.

सुरीचं पातं ओंडक्यावर आडवं धरायचं आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोके मारत लाकूड चिरायचं, ही रीत त्या सुरीच्या जाहिरातीत दाखवली होती आणि ती खरोखरीची रीत आहे. चौथ्या ठोक्याला टक् असा आवाज आला. पातं लाकडात रुतलेलं राहिलं, मूठ त्याच्या हातात सुटी आली आणि खाली गेलेला हात सरळ त्या पात्यावर आदळला. अंगठ्याच्या मुळापासून तळव्याच्या मध्यापर्यंत चीर. मी पंचा घट्ट दाबून धरला, हात डोक्याच्या वर ठेवायला लावला आणि त्याच पावसात गाडी काढली. दवाखान्यात चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, चीर आणखी थोडी खोल असती तर बोटं वळवणारी शीर गेली असती. परत येताना तो एकदाच बोलला, "मावशी, तू वाईट वाटून घेऊ नकोस." मला ते वाक्य जखमेपेक्षा जास्त लागलं.

वीस वर्षं मी सह्याद्रीत फिरते आहे. दोर, बूट, टॉर्च यांच्या बाबतीत मी फार चिकित्सक आहे. तरीही फसले. कशी फसले ते नीट सांगते, कारण हीच जाहिरात आता पुण्यातल्या अनेक ट्रेकिंग ग्रुपवर फिरते आहे.

जाहिरात मोबाईलवर आली. जंगलात तग धरून राहण्याच्या कार्यक्रमांमुळे घराघरांत पोचलेला एक प्रसिद्ध चेहरा, हातात सुरी, आणि हिंदीत आवाज: मी स्वतः हीच वापरतो. त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. कारण त्याने ती सुरी कधी हातात तरी घेतली होती का, याचीच आता मला खात्री नाही. पुढे आम्ही ती क्लिप मोठ्या पडद्यावर सावकाश पाहिली तेव्हा ओठ आणि शब्द जुळत नव्हते, आणि सुरी दिसते तो तुकडा वेगळ्या उजेडातला, कुठून तरी आणून जोडलेला होता. मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर यातलं काही कळत नाही.

किंमत ६,९९९ खोडून १,७९९. खाली उलटं पळणारं घड्याळ: सवलत संपायला अकरा मिनिटं. हे पान नंतर मी चार वेळा उघडलं, दर वेळी घड्याळ पुन्हा अकरा मिनिटांवरच. वर्णनात 'सर्जिकल स्टील', 'मिलिटरी ग्रेड', 'आजीवन वॉरंटी'. मुठीच्या टोपणात होकायंत्र, म्यानाला चकमक आणि धार लावायचा छोटा दगड. पैसे पार्सल हातात आल्यावर द्यायचे होते, त्यामुळे माझा उरलासुरला संशयही गेला. ही माझी मोठी चूक. पैसे दारात दिले तरी डबा उघडायच्या आधीच दिले जातात, आणि ते कुरियरवाल्यामार्फत कोणाकडे गेले याचा पत्ता आपल्याकडे नसतो.

डब्यावर त्या माणसाचा फोटो आणि सहीसारखं काहीतरी छापलेलं होतं. आयात कोणी केली, कुठल्या देशात बनली, कमाल विक्री किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठीचा पत्ता, यातलं काहीच नव्हतं. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे हे सगळं वेष्टनावर असावंच लागतं. बिस्किटाचा पुडा घेताना आपण तारीख बघतो, आणि भाच्याच्या हातात द्यायच्या सुरीचा डबा मी फक्त वरचा फोटो बघून बाजूला ठेवला.

माझे धाकटे दीर भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-निववून कठीण करण्याच्या, शॉपमध्ये आहेत. दोन्ही तुकडे मी त्यांच्याकडे नेले. त्यांनी आधी मूठ उभी चिरली. पात्याचं पोलाद मुठीच्या तोंडाशीच संपत होतं. त्यापुढे पेन्सिलीपेक्षा बारीक अशी साध्या लोखंडाची सळई पात्याला वेल्ड करून जोडलेली होती, आणि तिच्यावर रबर ओतून जाडजूड मूठ बनवलेली. तुटलं ते बरोबर त्या वेल्डच्या जोडापाशी.

"वहिनी, हा भाग बघा," ते म्हणाले. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत, ताजा. उरलेला अर्धा तपकिरी, गंजाचा. म्हणजे तडा आधीपासूनच होता. सुरी आमच्या घरी आली तेव्हाच ती अर्धी तुटलेली असणार; रबराखाली ते दिसणं शक्यच नव्हतं.

त्यांनी कारण समजावून सांगितलं. असल्या स्वस्त सुऱ्यांचं पातं बहुधा '४२०' या जातीच्या घराण्यातलं, १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियमचं पोलाद असतं. त्याला आधी तापवून न घेता वेल्ड मारला की जोडाच्या शेजारची पट्टी निवताना काचेसारखी ठिसूळ होते. ठोक्याचा सगळा जोर नेमका तिथेच येतो. मग त्यांनी पात्याची रॉकवेल कठीणता मोजली; आकडा जितका मोठा तितकं पोलाद कठीण. तीन ठिकाणी ४४, ४६, ४५. चांगल्या साध्या सुरीची ५६ ते ५८ असते. म्हणजे पात्याला पाणी (तापवून झटकन निववणं) नीट दिलेलंच नव्हतं, आणि म्हणूनच कांदे-बटाटे चिरूनही आठवड्यात तिची धार जायची. भाच्याला वाटायचं, आपल्यालाच धार लावता येत नाही. पातं हवं त्यापेक्षा मऊ आणि जोड हवा त्यापेक्षा ठिसूळ, अशी ती वस्तू.

'सर्जिकल स्टील' नावाची पोलादाची एकच अशी जात नाही, हेही मला तिथे कळलं. नुसतं '४४०' लिहिलेलंही पुरत नाही. ४४० ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४० सी मध्ये ०.९५ ते १.२०, आणि धार किती टिकणार हे बरंचसं त्या कार्बनवर आणि पाणी कसं दिलं त्यावर ठरतं. चिनी पोलादांच्या नावातला पहिला आकडा कार्बन सांगतो: '३ सीआर १३' म्हणजे कार्बन साधारण ०.३ टक्के, '७ सीआर १७' म्हणजे ०.७ च्या आसपास. विक्रेता जात सांगायला तयार नसेल तर तिथेच थांबा. मी फोनवर विचारलं तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, चुंबक लावून बघा, ओरिजिनल आहे." चुंबक तर कच्च्या पोलादालाही चिकटतं आणि पक्क्यालाही. त्याने काही सिद्ध होत नाही.

मुठीतल्या होकायंत्राचंही असंच. पोलादी पात्याला खेटून बसवलेली सुई उत्तर दाखवेल कशी? ती पात्याकडेच ओढली जाते. धुक्यात कोणी त्या सुईवर विसंबून माचीवरून वाट काढली तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. चकमकीची कांडी बरी होती, पण तिच्यावर ठिणगी पाडायला पात्याच्या पाठीची कड काटकोनात धारदार लागते. ह्या सुरीची पाठ गोल आणि वर काळ्या रंगाचा थर. म्हणजे सोबत दिलेली चकमक सोबतच्याच सुरीने पेटत नाही.

आता बरेच जण विचारतात, नकली सोडा, पण त्या नावाची खरी, परवाना घेऊन काढलेली स्वस्तातली सुरी घ्यावी का? भाच्याच्या एका मित्राकडे तशी एक आहे, ती मी हाताळली. ७ सीआर १७ पोलाद, मूठ घट्ट, तीन वर्षं चालली आहे. तिला मी वाईट म्हणणार नाही. पण तिच्या किमतीतला एक भाग नावाचा आहे, आणि पात्याचा मुठीकडचा अर्धा भाग करवतीसारखा दातेरी. नाजूक कामाला आपण नेमका तोच भाग वापरतो, आणि दात्यांना आपल्या साध्या दगडावर धार लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: त्या पैशात नाव नसलेली सुरी चांगली मिळते. स्वीडनमधल्या मोरा गावच्या साध्या सुऱ्या, सुमारे १० सेंटिमीटरचं पातं आणि प्लास्टिकची मूठ, दिसायला अगदी सामान्य; पण पोलादाची जात लिहिलेली असते. त्यांचंही पातं मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, तरी ते मुठीत खोलवर गेलेलं असतं आणि एकसंध असतं, जोडलेलं नसतं. फ्रान्सच्या ओपिनेलची घडीची सुरी १८९० पासून बनते आहे. लाकडी मूठ आणि पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी, एवढंच. फळं, दोरी, पट्टी कापायला मला तीच पुरते. राजगड, तोरणा, रायरेश्वर अशा आपल्या ट्रेकला याहून मोठी सुरी मला वीस वर्षांत लागलेली नाही.

आणि लाकडासाठी कोयती. त्या रात्री आम्ही दवाखान्यातून परतलो तेव्हा आजींनी आपल्या जुन्या कोयतीने सगळं सरपण फोडून ठेवलं होतं. ती कोयती घिसाड्याने गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेली, मूठ दोनदा बदललेली. दीर म्हणाले, कमानपाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वरच असतो, आणि भट्टीवर बसणाऱ्याला पाणी कधी द्यायचं ते डोळ्यांनी कळतं. तो माणूस पुढच्या बाजाराला पुन्हा भेटतो. वस्तू तुटली तर त्याला विचारता येतं.

मला मात्र विचारायला कोणी सापडेना. पानावरच्या नंबरवर मी तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी 'रिफंड विभागा'तून फोन. क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. एवढं माहीत होतं म्हणून १,७९९ वरच थांबले. तुमच्यापैकी कोणाचे असे पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

वस्तूबद्दलची तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला नोंदवली. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या बाबतीत विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो, त्यामुळे पुण्यातच लावते आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी याच कायद्याच्या कलम २१ मध्ये उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरातीतल्या दाव्यांची खातरजमा केल्याचं दाखवता आलं, तरच ती व्यक्ती सुटते. म्हणून डबा, पावती, कुरियरची चिठ्ठी आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट फेकू नका. माझ्याकडे डबा होता, पण स्क्रीनशॉट भाच्याच्या मित्राने जपून ठेवलेला निघाला म्हणून निभावलं.

एक गोष्ट ट्रेकला जाणाऱ्या मुलांसाठी. त्याच पानावर बारा इंची पात्याच्या 'सर्व्हायव्हल' सुऱ्याही विकायला आहेत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकाम-शेतीसाठी नसलेली हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. आणि पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्यांच्या बातम्या येत असताना सॅकमध्ये असलं काही घेऊन स्वारगेटला एसटीत चढू नका. 'ट्रेकसाठी आहे' हे चौकीत बसून समजावत बसावं लागेल.

भाच्याचे टाके निघाले, पण पहाटेच्या गारठ्यात अंगठा अजून पूर्ण वळत नाही. ज्या पानावरून मी सुरी घेतली ते पान आता उघडत नाही. गेल्या रविवारी माझ्या सासूबाईंनी फोन पुढे केला, "अगं, हाच ना तो माणूस?" तोच चेहरा, तीच क्लिप, पानाचं नाव वेगळं, किंमत १,२९९, आणि घड्याळ अकरा मिनिटांवर.