रत्नागिरीतला डोळ्यांचा दवाखाना : डॉक्टर एक नंबर, पार्किंगचा आनंद
आईला एकाचे दोन दिसायला लागले, शुगर आहेच, म्हणून इथे नेलं. टोकन असूनपण बसवून ठेवतात आणि गाडी लावायला जागाच नाही. पण डॉक्टर भारी! मेंदूतून निघणाऱ्या सहाव्या नसेवर परिणाम झालाय म्हणाले, नाव अ‍ॅब्ड्यूसेन्स, हे काय असतं विचारलं तर वैतागले नाहीत, लॅटिनमध्ये अब म्हणजे लांब आणि ड्यूकेरे म्हणजे नेणं, डोळा नाकापासून लांब, कानाकडे नेणारी नस, म्हणून आईचा उजवा डोळा उजवीकडे वळत नाहीये आणि तिकडे बघितलं की दोन दिसतात. मग मॉडेल उघडून चौथ्या नसेचंपण सांगितलं, ट्रॉक्लिअर, लॅटिन ट्रॉक्लिआ म्हणजे कप्पी (मुळात ग्रीकमधून आलेला शब्द), तिच्या स्नायूची दोरी खरंच कूर्चेच्या कडीतून वळून जाते. आई लगेच, "आमच्या विहिरीवर होती तश्शी!" शुगरमुळे झालेलं बहुतेक वेळा काही महिन्यांत सुधारतं म्हणे, तोवर एका डोळ्यावर पट्टी आणि शुगर कंट्रोल. आतल्या दुकानातल्या फ्रेम मात्र महाग आहेत, नंबर लिहून घ्या आणि चष्मा बाहेर करा.