सहा रविवार, सासूबाई आणि मी : नात्यांवरच्या एका कोर्सचा अनुभव

बऱ्याच जणींनी विचारलं की तो रविवारचा कोर्स कसा होता, पैसे वसूल झाले का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. विषय होता साहित्य आणि सिनेमातलं प्रेम आणि घरातली नाती. पुण्यातच, एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, सहा रविवार, सकाळी 10 ते 1, माणशी 2,400 रुपये, चहा त्यातच. आम्ही पंचवीसेक जण होतो, त्यात कॉलेजची मुलं सात-आठ, बाकी सगळे चाळिशीच्या पुढचे. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. त्या 74 वर्षांच्या, मी 46 ची, लग्नाला 21 वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत आम्ही दोघीच अशा कुठं बाहेर गेलो असू तर एक तर कुणाच्या लग्नाला नाहीतर डॉक्टरकडे. त्यामुळे जाताना मला खरंच धाकधूक होती की यांना कंटाळा आला तर काय करायचं.

पहिल्या रविवारी श्यामची आई होती. आता हे पुस्तक कुणी वाचलेलं नाही असं मराठी घर विरळाच, त्यामुळे वाटलं की तेच ते मातृप्रेम वगैरे ऐकावं लागणार. पण कोर्स घेणाऱ्या मॅडमनी सुरुवातच वेगळी केली. सानेगुरुजींनी हे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, म्हणजे आई जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, तुरुंगातल्या माणसाने आठवून लिहिलेली ही आई आहे हे आधी डोक्यात ठेवा म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला कागदावर दोनच गोष्टी लिहायला लावल्या: या घरात पैशाचं काम कोण करतं आणि पैशाचा अपमान कोण सोसतं. कर्ज वडिलांच्या हातून झालेलं, आणि सावकाराचा वसुलीवाला दारात येऊन वाट्टेल ते बोलतो ते ऐकून घ्यायला घरात आई. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून पोराच्या हट्टापायी धोंड्यावर ओचे पसरणारी आई आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहते, पण पोहायला जात नाही म्हणून त्याच पोराला शिंपटीने फोडून काढणारी आईसुद्धा तीच आहे, आणि मॅडम म्हणाल्या की दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचा. मी तसं वाचलं आणि मला पहिल्यांदा ती देव्हाऱ्यातली न वाटता कावलेली, थकलेली, तिशीतली बाई वाटली. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या सिनेमातले दोन तुकडेही दाखवले, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं तो. आवाज मात्र इतका खरखरत होता की मागच्या तीन रांगांना अर्धं कळलंच नाही. हा स्पीकरचा घोळ शेवटच्या रविवारपर्यंत तसाच राहिला, आम्ही दोनदा सांगूनही. 2,400 घेता तर एक बरा स्पीकर भाड्याने आणायला काय हरकत होती, हे मी फीडबॅक फॉर्मवरही लिहिलंय.

दुसरा रविवार माझा सगळ्यात आवडता, आणि तो चक्क जपानी सिनेमाचा. ओझू नावाच्या दिग्दर्शकाचा टोकियो स्टोरी, तोही 1953 चाच. गोष्ट म्हटली तर एवढीशी. ओनोमिची नावाच्या लांबच्या गावातून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात. मोठा मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर, दोघांनाही वेळ नाही, शेवटी आईवडिलांना आतामी नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी पाठवून देतात, आणि तिथं रात्रभर गाणंबजावणं चालल्याने त्यांना झोप लागत नाही. मायेने करते ती एकटी विधवा सून, नोरिको. तिचा नवरा युद्धात गेला त्याला आठ वर्षं झालेली. सबटायटल इंग्रजी होती, सासूबाईंना ती वाचता येत नाहीत, पण मॅडमनी महत्त्वाच्या सीनचे संवाद मराठीत टाइप करून आणले होते आणि हळू आवाजात वाचूनही दाखवत होत्या, त्याबद्दल त्यांना मनापासून धन्यवाद.

कॅमेरा खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल एवढ्याच उंचीवर ठेवलेला असतो आणि सहसा जागचा हलत नाही. मॅडमनी सांगितलं की माणसं काय बोलतात तिकडे बघू नका, हात काय करतात ते बघा. मग आम्ही नोरिकोच्या एका खोलीतला सीन तीनदा पाहिला. सासू-सासरे आलेत, घरात द्यायला काही नाही, ती शेजारणीकडे जाऊन दारू उसनी आणते, पेलेही तिचेच आणते, आणि ते दोघं खातायत पितायत तोवर हातपंख्याने वारा घालत बसते. एवढंच. दुसरीकडे पोटच्या मुलीच्या घरी जावई महागातली मिठाई आणतो तर ती म्हणते एवढी भारी कशाला आणलीत. आई गेल्यावर जेवणं होतात न होतात तोच ही मुलगी आईचा चांगला किमोनो आठवण म्हणून मागते, आणि सासरे आईचं घड्याळ सुनेच्या हातात देतात.

चर्चेला सुरुवात झाली तेव्हा एक काका म्हणाले की मुलगी किती स्वार्थी दाखवलीय. आणि सासूबाई, ज्या घरी पाहुण्यांसमोरसुद्धा जेवढ्यास तेवढं बोलतात, त्या एकदम बोलल्या. म्हणाल्या, "ती स्वार्थी नाही हो. तिला दुकान सांभाळायचंय. आणि आई आपलीच, रागावली तरी कुठं जाणार, असं वाटतं लेकीला. सुनेला तसं वाटून चालत नाही." हॉलमध्ये एकदम शांतता. मॅडमनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मी शेजारी बसून फळ्याकडे बघत होते, यांच्याकडे बघायचा धीर मला होईना.

तिसरा रविवार महेश एलकुंचवारांच्या वाडा चिरेबंदीचा, 1985 मध्ये रंगभूमीवर आलेलं नाटक. आमच्यातल्याच लोकांना भूमिका वाटून वाचायला लावलं. विदर्भातल्या धरणगावचं देशपांडे कुटुंब, तात्याजी गेलेत, तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावरून भावाभावांत धुसफूस, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय, मुंबईचा भाऊ आणि त्याची कोकणस्थ बायको पाहुण्यासारखी वागतायत आणि चंदूकाका घरचाच असून गड्यासारखा राबतोय. त्यातला वहिनीचा दागिन्यांचा प्रसंग, म्हणजे रात्री नवरा पेटी उघडतो आणि ती घराण्याचे दागिने अंगावर चढवते तो, आमच्याकडे एका बँकेतून रिटायर झालेल्या ताईंनी वाचला आणि फार सुंदर वाचला. वाचून झाल्यावर मॅडमचा प्रश्न एकच, की हे सोनं नक्की कुणाचं? नवऱ्याचं म्हणावं तर घालणार ती, तिचं म्हणावं तर किल्ली तिच्याकडे नाही, घराण्याचं म्हणावं तर घराण्यात उरलंय काय. यावर तासभर बोलणं चाललं तरी संपेना. त्या वहिनीची लेक रंजू पुढे शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते आणि दागिनेही जातात, ते आधी वाचलं होतं तेव्हा मला फक्त मुलगी वाया गेली एवढंच दिसलं होतं. यावेळी लक्षात आलं की त्या सगळ्या वाड्यात दागिने घेऊन बाहेर पडलेली ती एकटीच. बाकी सगळ्यांनी नुसते राखले.

घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पाटल्या तुम्ही कधी बघितल्या नाहीत ना, धाकट्या भाऊजींच्या लग्नात गहाण पडल्या त्या परत आल्याच नाहीत." मला त्या कधी अहोजाहो करत नाहीत, त्या दिवशी का केलं माहीत नाही. मी विचारलं, आई, कोणी विचारलं होतं का तुम्हाला देताना. तर म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात, पेटी यांच्याकडेच असायची." आणि मग घर येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

चौथ्या रविवारी उंबरठा. जब्बार पटेलांचा, 1982 चा, शांता निसळ यांच्या बेघर कादंबरीवरून, पटकथा तेंडुलकरांची आणि स्मिता पाटील. बहुतेकांना हा सिनेमा सुन्या सुन्या मैफिलीतसाठी आठवतो आणि स्त्रीमुक्तीसाठी. मॅडमनी त्यातल्या नायिकेपेक्षा घराकडे बघायला लावलं. सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी दूर जाते तेव्हा घर काही कोसळत नाही, चालूच राहतं, कारण जाऊ आहे. जावेला मूल नाही, ती सुलभाच्या मुलीला जीव लावते, मुलगी काकूला चिकटते. म्हणजे एका बाईच्या बाहेर पडण्याची किंमत दुसऱ्या बाईच्या मायेने भरली जाते आणि परत आल्यावर आईला आपल्याच लेकराच्या मनात जागा शोधायला लागते. नवऱ्याचं दुसरीकडे जुळलेलं असतं तो धक्का आहेच, पण मला तो तेवढा लागला नाही जेवढी ती मुलगी लागली. माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा माझी बदली सोलापूरला झाली होती, चौदा महिने, आणि शनिवारी रात्री मी आले की तो आजीच्या पदराआडून माझ्याकडे बघायचा. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी हॉलमध्येही नाही बोलले, पण आई शेजारीच होत्या आणि त्यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला, दोन मिनिटं तरी ठेवला असेल.

आता पाचवा रविवार, आणि इथं माझी खरी तक्रार आहे. विषय होता प्रेम, सिनेमा सैराट, आणि पाहुणे वक्ते बोलावले होते. ते पाऊण तास उशिरा आले, मग स्लाइडमागून स्लाइड. स्टर्नबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1986 चा प्रेमाचा त्रिकोण, म्हणजे जवळीक, ओढ आणि बांधिलकी हे तीन कोन, आणि त्यात आर्ची-परश्याला कुठं बसवायचं. त्रिकोण चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही, समजून घ्यायला बराच आहे. पण नागराज मंजुळेंनी दुसऱ्या अर्ध्या भागात जे करून ठेवलंय ते त्या त्रिकोणात मावतच नाही. पाटलाची बुलेट चालवणारी मुलगी हैदराबादच्या झोपडपट्टीत येते, तिला स्वयंपाक येत नाही, परश्या रांधतो, डोशाच्या गाडीवर राबतो, ती बाटल्यांच्या कारखान्यात जाते, तेलुगू शिकते. आणि तोच परश्या एक दिवस संशयाने तिच्यावर हात उचलतो. गावातून जे सोडून आले ते असं पाठोपाठ खोलीत येतं. यावर बोलायचं सोडून आम्ही कोन मोजत बसलो. शेवटच्या सीनबद्दलही घाईघाईत पाच मिनिटं. आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन भाऊ येतो, आर्ची हरखून चहा करते, माहेर परत मिळालं असं तिला वाटतं, आणि मग तो आवाज बंद झालेला शेवट आणि बाळाची पावलं. माहेरच्या भेटवस्तूंचा असा वापर मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिला नाही आणि त्यावर एक प्रश्नही विचारायला वेळ मिळाला नाही. कॉलेजची मुलं त्यादिवशी सगळ्यात जास्त बोलायच्या तयारीने आली होती, त्यांचे चेहरे बघवत नव्हते. जातीचा विषय तर वक्त्यांनी 'सामाजिक घटक' म्हणून एका ओळीत उरकला. सैराटवर बोलायचं आणि जातीवर बोलायचं नाही, याला काय अर्थ आहे? हे मी मॅडमना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बॅचला तो रविवार स्वतः घेईन म्हणाल्या.

सहावा रविवार अस्तु. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. मोहन आगाशे संस्कृतचे मोठे पंडित, स्मृती जात चाललेली, लेक गाडीत बसवून दुकानात जाते तेवढ्यात हे हत्ती दिसला म्हणून उतरून त्याच्यामागे चालू लागतात. आणि पोचतात त्या हत्तीवाल्याच्या पालावर, जिथं कानडी बोलणारी चन्नम्मा त्यांचं लहान मुलासारखं सगळं करते. ते तिला आई म्हणायला लागतात. त्या भूमिकेला अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. इथं मॅडम फार कमी बोलल्या आणि तेच बरं केलं. लेकीला बाप आठवणींसकट हवाय, चन्नम्माला त्याची एकही आठवण नाही म्हणून तिला तो आहे तसा सांभाळता येतो, एवढं म्हणून त्या थांबल्या.

तर जावं का? माझ्या मते नक्की जावं, पण घरातल्या कुणाला तरी घेऊन जावं. एकटीने गेले असते तर चांगली लेक्चरं ऐकून आले असते इतकंच. ज्यांना वाङ्मयाचा अभ्यास म्हणून सिद्धांत, समीक्षेच्या संज्ञा वगैरे पाहिजेत त्यांना थोडं कमी वाटेल. नोट्सच्या झेरॉक्स फिक्या होत्या, वाडा चिरेबंदीची दोन पानं तर उलटी छापलेली. दोन जिने चढायला लागतात, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. आम्ही मधल्या मजल्यावर वाचनालयाच्या बाकावर पाच मिनिटं बसून मग वर जायचो. बसायला पुढची डावी बाजू धरा, त्या बाजूचा स्पीकर जरा बरा आहे.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, त्यात जयवंत दळवींचं संध्याछाया आहे म्हणतात. आईंनी दोन नावं घालायला सांगितलीत. मुलालाही विचार म्हणाल्या, तो अजून काही बोललेला नाही.