नऊ महिन्यांनंतर: स्मोकरवरचे खिमा-बटाटा-चीजचे थर

जानेवारीत घेतलेला स्मोकर, म्हणजे कोळशाच्या मंद आचेवर आणि धुरात पदार्थ शिजवायचं यंत्र, ऑक्टोबर संपत आला तरी दर दुसऱ्या रविवारी पेटतोय, म्हणून आता त्याच्याबद्दल लिहायला बसले. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर बटाट्यांच्या बाबतीत फार वाईट लिहिलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

आमचं घर इंदुरात, रामबागेत. वर मोकळी गच्ची आहे, आणि हे यंत्र घ्यायचं तर ती हवीच. १८ इंच व्यासाचा, उभट वॉटर स्मोकर आहे. तळाशी कोळशाची जाळी, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या आणि घुमटासारखं झाकण. हवेची भोकं खाली तीन, झाकणावर एक. ऑनलाइन मागवला, साडेअकरा हजार पडले. चिकन आणि मटणाच्या चापा याच्यावर छान होतात, त्याबद्दल सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते थरांच्या बटाट्यांबद्दल.

आम्ही सीकेपी. खिमा आणि बटाटा ही जोडी पॅटिसमुळे लहानपणापासून जिभेवर बसलेली. शिवाय माळव्यात बटाट्याला तोटा नाही. त्यामुळे स्मोकर आल्यावर पहिल्या आठवड्यातच बटाट्याच्या चकत्या, मधे मटणाचा खिमा, वर चीज असा ट्रे लावला. खिमा नेहमीचाच, टोमॅटो आणि दही घालून केलेला. परातीत पाणी, आच १२० अंशांच्या आसपास, आणि तीन तास वाट पाहिली. वरून चीज सोनेरी, वास असा की खालच्या मजल्यावरून मुलं धावत आली. सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावला, आणि हळूच म्हणाल्या, "अगं, बटाटा कच्चा राहिलाय." चक्क करकरीत होता. आणखी एक तास ठेवला, तरी मधल्या थरातला तसाच.

याचं कारण समजायला मला तीन रविवार लागले. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पदार्थात सहज सुटत नाही. टोमॅटोच्या रश्श्यात कच्चा बटाटा टाकला की तो शिजता शिजत नाही, हे आपल्याला भाजी करताना ठाऊक असतं, पण ट्रे लावताना आठवत नाही. दुसरं कारण आचेचं. पाण्याने भरलेली परात आच खाली धरून ठेवते. मांसाच्या मोठ्या तुकड्याला ते मानवतं. थरांच्या मधोमध बसलेल्या चकतीपर्यंत मात्र पुरेशी उष्णता पोचायला फार वेळ लागतो.

आता मी परात रिकामी ठेवते. तिला फॉइल गुंडाळते, म्हणजे गळलेली चरबी जळून चिकटत नाही. खालची दोन भोकं अर्धी उघडी, वरचं पूर्ण उघडं, आणि आच १६० ते १७५. म्हणजे स्मोकरचा धुराची भट्टी म्हणून वापर करायचा. खिम्यातून टोमॅटो-दही दोन्ही काढून टाकलं. तळलेला कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, गरम मसाला, आणि खिमा तूप सुटेपर्यंत कोरडा परतायचा. आंबटपणा हवाच असेल तर वाढताना लिंबू पिळायचं.

बटाटे तीन मिलिमीटर जाडीचे चिरायचे आणि चिरल्यावर अजिबात धुवायचे नाहीत. फ्रान्सच्या दोफिने प्रांतातला या पदार्थाचा जो पूर्वज आहे (त्याचा पहिला लेखी उल्लेख १७८८ सालच्या गॅप गावातल्या एका मेजवानीचा), त्याच्या जुन्या पद्धतीत चीज नसतंच. दूध, साय, लसूण आणि बटाट्याचा स्वतःचा स्टार्च, एवढ्यावर तो घट्ट होतो. तो स्टार्च आपण नळाखाली वाहू दिला तर ट्रेमध्ये पातळ दूध उरतं. मी चकत्या मीठ, जायफळ आणि ठेचलेल्या लसणीच्या दुधात आठ-दहा मिनिटं मंद उकळते. सुरीचं टोक थोडं अडकत आत जायला हवं, सहज गेलं तर थर लावताना चकती मोडते. दूध तेवढ्यात दाटतं, तेच थरांवर ओतायचं.

बटाटा कुठला यावरही बरंच ठरतं. चिप्ससाठी पिकवतात तो चिप्सोना कोरडा, स्टार्चने भरलेला असतो. तो दूध पितो आणि थर एकमेकांना धरून बसतात. मंडईत पुष्कळदा मिळणारा ज्योती मऊ होतो पण तुकडा सुबक निघत नाही. नवा, पातळ सालीचा बटाटा मी या कामाला घेतच नाही.

भांडं म्हणून बिडाचा पसरट पॅन. अॅल्युमिनियमच्या केकच्या डब्यात कडा लागल्या आणि मध्य कच्चा राहिला.

धुराबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आपल्याकडे धुंगार असतो: निखारा, वर तुपाचा थेंब, पाच मिनिटं झाकण. त्याचा सुगंध वरवर असतो आणि मला तो आवडतोही. स्मोकरचा धूर वेगळा. तो खिम्याच्या तुपात उतरतो आणि खालच्या बटाट्याला चव लागते. पण धूर ओल्या, गार पृष्ठभागाला जास्त धरतो, म्हणून ट्रे पहिला पाऊण तास चीजशिवाय, उघडा ठेवायचा. चीजचं झाकण आधी लावलं तर धूर सगळा चीजवर बसतो आणि ते कडवट लागतं. चीज शेवटच्या पंचवीस मिनिटांत घालायचं. अर्धं प्रोसेस, अर्धं मोझरेला. प्रोसेस चीजमध्ये इमल्सिफायर क्षार असतात, त्यामुळे ते तेल न सोडता वितळतं. मोझरेला तार देतं. नुसतं चेडर घातलं तेव्हा वर तेलाचं तळं झालं होतं.

धुराचा रंग बघायची सवय लागायला हवी. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये, त्यात ट्रे ठेवला तर सगळं कडू. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर निघू लागला की ठेवायचा. त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं, आणि भुकेल्या घरात ही सगळ्यात अवघड वेळ असते. कोळसा लाकडाचा, लोणारी. रॉकेल टाकून कधीही पेटवायचा नाही, तो वास चीजमध्ये शिरतो. खाली न पेटवलेला कोळसा पसरून त्यावर दहा-बारा पेटलेले निखारे ठेवले की वरून खाली हळूहळू जळत जातो, अडीच किलोत माझे चार तास निघतात. लाकूड बाभळीचं किंवा आंब्याचं, पूर्ण वाळलेलं, मुठीएवढे दोन तुकडे पुरतात. कडुलिंब मी वापरत नाही.

आणि एक शोध मला इथेच लागला. इंदुरात भुट्ट्याचा कीस घराघरात होतो. किसून उरलेली कणसं मी गच्चीवर वाळवून पोत्यात भरून ठेवते. ती जळताना गोडसर, सौम्य धूर देतात, बटाट्याला बाभळीपेक्षा ती जास्त शोभतात. अमेरिकेतही काही ठिकाणी मांसाला मक्याच्या कणसांचा धूर देतात, असं नंतर वाचलं तेव्हा खूप बरं वाटलं.

आता तक्रारी. झाकणावरचा तापमापक पहिल्या दिवसापासून खोटा. तो काढून उकळत्या पाण्यात बुडवला. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काटा ८१ वर थांबला. कंपनीला फोटो पाठवले, दोनदा फोन केला, बदली भाग आलाच नाही. शेवटी जाळीला अडकवायचा वेगळा डिजिटल तापमापक घेतला. तो आल्यानंतरचा पहिला ट्रे जसा हवा तसा झाला. कोळशाच्या दाराची फट हवा खाते, तिथे आच एकदम चढते. मी फॉइलची घडी कोंबते. आणि पावसाळ्यात पायांना गंज चढला, झाकणाचा मुलामा मात्र जसाच्या तसा आहे.

आखाडातल्या पार्टीला भर पावसात पेटवायची वेळ आली. दीर म्हणाले, "वहिनी, जिन्यातल्या पत्र्याखाली आत ओढून घेऊ." मी ठाम नाही म्हणाले. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. दोन भिंतींच्या आत तो साचतो. गच्चीवरच चार बांबूंवर ताडपत्री उंच बांधली, चारही बाजू मोकळ्या ठेवल्या. ट्रे अर्धा तास उशिरा झाला एवढंच. ज्यांची बाल्कनी काचेने बंद आहे त्यांनी हे यंत्र घेऊ नये.

तयार झाल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही. स्टार्च थंड होता होता थर पकडतो, मग चौकोनी वडी निघते: तपकिरी साय, खाली तांबूस कड असलेला खिमा, पिवळसर बटाटा, पुन्हा खिमा. धाकटा वरून रतलामी शेव घालतो. शेव पानात घालायची, ट्रेमध्ये घातली की मऊ पडते.

श्रावणात मी जाळीचा दुसरा जोड घेतला, तो फक्त शाकाहारासाठी. खिम्याच्या जागी मक्याचे दाणे आणि सिमला मिरची. शेजारच्या काकूंनी स्वतःचा डबा आणून दिला होता, त्यातच लावून दिले. आता दिवाळीच्या फराळानंतरच्या रविवारचा त्यांचा डबा आत्ताच येऊन पडलाय, आणि पोत्यात कणसं तीन वेळा पुरतील एवढी आहेत.