कळलं, पण आलं का? विज्ञानाचे व्हिडिओ आठ महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. व्हिडिओ बघताना ‘काय मस्त समजावलंय’ असं वाटणं आणि व्हिडिओ चांगला असणं यांचा संबंध फार कच्चा आहे. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि ‘अभ्यास कसा करावा’ या तिन्ही प्रकारांतले व्हिडिओ आठ महिने वही-पेन घेऊन वापरल्यावर बाकीची मतं बदलत राहिली, हे एक पक्कं होत गेलं. गुळगुळीत व्हिडिओ आठवड्याभरात निसटून जातात. ज्यांच्यात मध्येच अडायला होतं, मागे जावं लागतं, त्यांतले पुष्कळसे टिकतात.

याला नुसत्या अनुभवापलीकडेही आधार आहे. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेली पीएच.डी. नेमकी यावरच होती. सरळ, स्वच्छ समजावणाऱ्या व्हिडिओला विद्यार्थ्यांनी सोपा आणि स्पष्ट म्हटलं, पण चाचणीतले गुण जवळजवळ जागच्या जागी राहिले. दुसऱ्या व्हिडिओत नेहमीचा गैरसमज आधी मांडून मग मोडून काढला होता. तो गोंधळात टाकणारा वाटला, गुण मात्र त्यानेच वाढले. कारण उघड आहे. सरळ व्हिडिओ बघणारा मनात म्हणतो, ‘हे तर मला माहीतच होतं’, आणि जुनी चुकीची समजूत तशीच घेऊन उठतो.

म्हणून पहिली परीक्षा: सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत चुकीचं उत्तर समोर ठेवलंय का? ऋतूंवरचा व्हिडिओ घ्या. ‘पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असतो’ एवढं सांगून तो पुढे गेला, तर ‘सूर्य जवळ आला की उन्हाळा’ ही समजूत हललेलीच नसते. चांगला व्हिडिओ आधी हे सांगतो की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. जानेवारीत तर अर्ध्या जगात हिवाळा असतो! हा धक्का बसला की मग कललेल्या आसाचं ऐकायला कान तयार होतात.

दुसरी परीक्षा कोऱ्या कागदाची, आणि खरी मदार हिच्यावरच. व्हिडिओ सुरू करण्याआधी शीर्षक वाचून आपलं उत्तर दोन ओळींत लिहायचं. मग एकदा सलग बघायचा, टिपणं न काढता. टॅब बंद करायचा. पाच मिनिटांत एक आकृती काढायची आणि ‘अमुक झालं म्हणून तमुक झालं’ अशी कारणांची साखळी लिहायची. आठवड्याने, पुन्हा न बघता, तेच परत करायचं आणि व्हिडिओत नसलेला एक प्रश्न सोडवायचा. पंखावरून हवा कशी जाते हे बघितलं असेल, तर प्रश्न असा: मग काही विमानं उलटी कशी उडतात? ‘वरच्या हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून ती वेगाने जाऊन खालच्या हवेला मागच्या कडेला गाठते’ असं शिकवणारे व्हिडिओ या प्रश्नावर गप्प होतात. गाठायचं बंधन हवेवर कुणी घातलेलंच नाही. वरची हवा प्रत्यक्षात आधीच पोहोचते.

यात फसायला होतं ते तीन ठिकाणी. एक, चाचणी फक्त लगेच घेतली जाते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा-पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे. लगेचची चाचणी सगळ्याच व्हिडिओंना पास करते. दोन, कागदावर साखळीऐवजी शब्दांची यादी उतरते: ‘मायटोकॉन्ड्रिया, एटीपी, ऊर्जा’. ही समज नव्हे, नामस्मरण झालं. तीन, अडलं की तोच व्हिडिओ परत लावला जातो. कार्डास आणि ओब्रायन या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की टेबलावरचा कपडा भांड्यांखालून झटक्यात ओढण्यासारखी करामत वीस वेळा बघितल्याने ‘मला जमेल’ हा विश्वास वाढतो, जमण्याचं प्रमाण वाढत नाही. दुसऱ्यांदा बघायचाच, तर फक्त साखळी तुटली तेवढाच भाग.

आता प्रयोगांच्या व्हिडिओंकडे येऊ, कारण सर्वांत जास्त ‘व्ह्यूज’ आणि सर्वांत जास्त थापा इथेच सापडतात. ताटलीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी वर चढतं, आणि आवाज सांगतो: ‘ऑक्सिजन संपला, तो हवेच्या एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं.’ हा भाग पाव वेगाने लावा, किंवा थांबवून (यूट्यूबवर संगणकावर पूर्णविरामाची कळ दाबून) एकेक फ्रेम पुढे न्या. ज्योत नीट जळत असते तोवर पाणी जेमतेम हलतं. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडेही सुटलेले दिसू शकतात. ज्योत मंदावते, विझते, आणि मग पाणी झपकन चढतं. ऑक्सिजन खर्च झाल्यामुळे चढत असतं, तर जळत असतानाच हळूहळू चढायला हवं होतं.

आकडेही जुळत नाहीत. बंद जागेत मेणबत्ती विझते तेव्हाही हवेत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणजे २१ पैकी पाचेक टक्केच खर्च झालेला. मेणाचा एक नमुनेदार रेणू (२५ कार्बन, ५२ हायड्रोजन) जळताना ३८ ऑक्सिजन रेणूंच्या बदल्यात २५ कार्बन डायऑक्साइडचे रेणू देतो. वाफ निवून पाणी झाली तरी निव्वळ तूट दीड-पावणेदोन टक्के. उरलेलं बहुतेक सगळं काम गरम हवा निवून आकसण्याचं. पडताळा सोपा आहे: त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवायच्या. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त चढतं. ज्या व्हिडिओत ही तीन मेणबत्त्यांची पायरी दाखवली असेल, त्या चॅनलचे बाकीचे व्हिडिओ डोळे झाकून नाही, पण जरा निवांतपणे बघायला हरकत नाही. प्रयोग एकदाच, एकाच मापाने, एकाच कोनातून आणि मध्ये कट मारून दाखवला असेल, तर ती जादू समजा.

चित्रांमधल्या चुका पकडणं सोपं आहे आणि तयार करणाऱ्याची काळजी किती हे त्यात लगेच कळतं. डीएनएची शिडी उजव्या पिळाची असते. ती उभी धरली की समोरच्या बाजूच्या पट्ट्या खालून डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसायला हव्यात, नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारख्या. उलटी फिरणारी शिडी व्हिडिओंमध्ये सर्रास दिसते. चंद्र-पृथ्वीचं अंतरही तसंच. पृथ्वी बास्केटबॉलएवढी धरली, तर चंद्र टेनिसच्या चेंडूएवढा आणि सुमारे सात मीटर लांब. पडद्यावर तो हातभर अंतरावर असतो. चित्र प्रमाणात नाही हे सांगितलं असेल तर तक्रार नाही. न सांगता तसं चित्र वापरून ग्रहण समजावलं, तर ‘दर पौर्णिमेला ग्रहण का नाही’ हे कधीच उलगडत नाही.

मराठीतल्या व्हिडिओंना एक जादा परीक्षा लावावी लागते: शब्दांची. वस्तुमान आणि वजन, चाल आणि वेग, उष्णता आणि तापमान, बल आणि शक्ती. या चार जोड्या दहा मिनिटं न घसरता सांभाळल्या, तर बोलणाऱ्याला विषय येतो असं मानायला जागा आहे. ‘पाण्यात उष्णता ८० अंश आहे’ ऐकलं की पुढचं जरा शंकेनेच ऐकायचं. इंग्रजी शब्द जसेच्या तसे वापरले तर बिघडत नाही. बिघडतं ते एकाच व्हिडिओत ‘फोर्स’ला कधी बल, कधी ताकद, कधी शक्ती म्हटल्याने. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलवर तर अजिबात विसंबू नये. एक ‘नाही’ गळाला की नियम उलटा होतो.

सजावटीबद्दल थोडक्यात. बोललेलं वाक्य अक्षरशः पडद्यावर, त्यावर संगीत, मागे फिरणारी आकाशगंगा: नाकापेक्षा मोती जड. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं संशोधन हेच सांगतं. अनावश्यक भर काढली की शिकणं सुधारतं, आणि आकृतीचं नाव आकृतीला लागून असावं. लांबीवरून मात्र दर्जा ठरवू नये. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख बघण्यांच्या २०१४च्या अभ्यासात व्हिडिओ कितीही मोठा असला तरी बघण्याच्या वेळेचा मध्यक (मधला आकडा) सहा मिनिटांपुढे गेला नाही, पण तो बघत राहण्याचा आकडा आहे, शिकण्याचा नाही. यूट्यूबवर आठ मिनिटांपासून मध्ये जाहिराती घालता येतात. त्यामुळे आठ मिनिटांच्या जरा पुढे ताणलेला मजकूर दिसला, की कुठे पाणी घातलंय ते शोधायची सवय लागते.

चॅनलचा प्रामाणिकपणा वर्णनाच्या चौकटीत दिसतो. चूक मान्य करून वेळेसकट दुरुस्ती लिहिली आहे का? कुर्त्सगेझाग्ट या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनलने २०१९ साली स्वतःचे दोन जुने व्हिडिओ काढून टाकले आणि ते का, यावर व्हिडिओ केला. त्या तुलनेत एकही दुरुस्ती नसलेलं, शेकडो व्हिडिओंचं चॅनल अचूक असण्यापेक्षा बेफिकीर असण्याची शक्यता जास्त. संदर्भांची लांबलचक यादी पाहून भुलू नये. एकच विधान निवडून त्याचा संदर्भ तपासायला दहा मिनिटं द्यावीत. माणसांबद्दलचं ठाम वाक्य आणि संदर्भात उंदरांवरचा प्रयोग, ही जोडी वरचेवर भेटते.

सर्वांत निराशा केली ती ‘शिकावं कसं’ सांगणाऱ्या व्हिडिओंनी. ‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हा पिरॅमिड अजून फिरतोय. शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या १९४६च्या ‘अनुभवांच्या शंकू’ या आकृतीला तो चिकटवला जातो, पण त्या शंकूत टक्केवारी नव्हतीच. ‘तुम्ही बघून शिकणारे की ऐकून शिकणारे’ हेही तसंच. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तपासलं तेव्हा त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. या दोहोंपैकी एक दिसलं की व्हिडिओ तिथेच बंद करणं परवडतं.

या पद्धतीचा तोटा वेळ. दहा मिनिटांच्या व्हिडिओला सगळं धरून पाऊण तास जातो, त्यामुळे आठवड्याला तीन-चारच होतात. कुतूहल जागवणाऱ्या, माहितीपटासारख्या व्हिडिओंना ती लावूही नये, त्यांचं काम वेगळं आहे. गणिताच्या सिद्धतांना कागदाची परीक्षा उत्तम लागू पडते, पण तिथे ओळीओळीला थांबावं लागतं, सलग बघण्याचा नियम मोडून. सर्किट किंवा लोलक असा विषय असेल, तर व्हिडिओनंतर फेट (PhET) या मोफत संकेतस्थळावरचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा प्रयोग, उघडून एकच राशी बदलून बघावी. लोलकाचं वस्तुमान दुप्पट केलं तर आवर्तनकाल किती बदलेल, याचं उत्तर सरकपट्टी हलवण्याआधी वहीत लिहून ठेवायचं.