विमानाचं अंतर काढणारं ॲप : सात महिने वापरल्यावर

धाकटी लेक मालदीवच्या पार दक्षिणेला, अड्डूच्या एका रिसॉर्टवर नोकरीला लागली, तेव्हापासून हे फुकटचं ॲप माझ्या फोनवर आहे. दोन विमानतळांची नावं टाकायची, की अंतर आणि वेळ समोर. अंतराला पैकीच्या पैकी, वेळेला जेमतेम पास.

अंतर मी स्वतः पडताळून पाहिलं. रिटायर माणसाला दुसरं काम काय! मालेचा वेलाना विमानतळ ४ अंश ११ मिनिटं उत्तरेला, अड्डूचा गान विमानतळ ० अंश ४२ मिनिटं दक्षिणेला, आणि दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर. मधे विषुववृत्त येतं, म्हणून बेरीज करायची. मी आधी वजाबाकी करून बसलो आणि दीडशे किलोमीटर गायब झाले. बेरीज ४ अंश ५३ मिनिटं, म्हणजे २९३ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. उत्तर आलं ५४३. ॲपच्या आकड्यात नि माझ्यात दोनएक किलोमीटरचा फरक. मान गए!

वेळेचं मात्र विचारू नका. लेक पहिल्यांदा मालेहून गानला निघाली तेव्हा ॲप म्हणालं, ४१ मिनिटं. पाऊण तास झाला, फोन नाही. तास झाला, फोन नाही. हिने देवापुढे दिवा लावला. शेवटी फोन आला, "अहो बाबा, पंख्याचं विमान होतं!" हे ॲप सगळ्यांना जेटच्या वेगाने, ताशी ८०० ने पळवतं. बेटाबेटांवर फिरणारी एटीआरसारखी विमानं ताशी पाचशेच्या आसपास जातात. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे हिशेबातच नाही. लांबच्या उड्डाणात ते खपून जातं, छोट्यात नाही. गंमत म्हणून स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे टाकलं. जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण, २.७ किलोमीटर, जेमतेम दोन मिनिटांचं. ॲपने दाखवलं, ० मिनिटं!

मुंबई ते माले सुमारे १,६५० किलोमीटर, तिथे वेळ बरीच जुळते. (हेही तसं बेट ते बेटच. मुंबईचा विमानतळ साष्टी बेटावर, आम्हा ठाणेकरांच्याच.) घोडबंदर रोडवरून अंधेरी गाठायला लागणारा वेळ कुठलंच ॲप सांगत नाही, तो ज्याचा त्याने धरायचा.

आणखी एक. मालदीवचं घड्याळ आपल्या मागे अर्धा तास. ॲप पोहोचण्याची वेळ दाखवताना हा अर्धा तास खातं. पूर्ण तासाचा फरक असलेल्या देशांना बरोबर दाखवतं. दोनदा कळवलं, उत्तर नाही. तेव्हापासून वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातच बघतो.

सध्या तीन तारे. अर्धा तास दुरुस्त केलात तर चौथा देईन.