सेलिंग क्लबच्या ग्रुप क्रूझ : कोल्हापूरहून जाऊन घेतलेला हंगामभराचा अनुभव

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाल्यापासून मे महिन्यात बोटी झाकून ठेवेपर्यंत मी मुंबईच्या एका सेलिंग क्लबच्या ग्रुप क्रूझना जात होतो. कोल्हापुरातले दोघं मित्र, इचलकरंजीच्या एक शिक्षिका आणि मी असा आमचा लहानसा गट होता. आता गावात जो भेटेल तो विचारतो, "जाण्यासारखं आहे का?" म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

हाताला काम हवं असेल तर जरूर जा. नुसतं बसून समुद्र बघायचा असेल तर तारकर्लीला जा, तिथं जास्त मजा येईल आणि खर्चही कमी होईल. क्रूझ म्हटलं की लोकांना मुंबई-गोवा मार्गावरचं मोठं जहाज आठवतं. हे तसं नाही. तीस-चाळीस फुटांच्या शिडाच्या तीन-चार बोटी बरोबर निघतात. प्रत्येकीवर एक स्किपर (बोटीचा कप्तान) आणि पाच-सहा सभासद असतात. शीड चढवणं, सुकाणू धरणं, नांगर टाकणं, चहा करणं, भांडी घासणं, सगळं सभासदांनीच करायचं. पैसे भरलेत म्हणून कुणी पाहुणा नसतो. मला क्लबची हीच गोष्ट सगळ्यात जास्त पटली.

आपल्याकडच्या माणसाचा पहिला प्रश्न प्रवासाचा असतो. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला बसलं की सकाळी सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं अपोलो बंदर. शनिवार-रविवारची छोटी फेरी असेल तर दोन रात्री गाडीत आणि दोन दिवस पाण्यावर जातात, सोमवारी कामावर बसताना डोळे जड होतात. लांब क्रूझ मात्र आपल्याला सोयीची पडते. ती टप्प्याटप्प्यानं कोकणात उतरते आणि मधल्या बंदरांत सभासद बदलतात. विजयदुर्ग किंवा मालवणला चढायचं असेल तर फोंडा घाटानं किंवा गगनबावड्याहून खाली उतरलं की काही तासांत बोटीवर. कोल्हापूरकरानं सभासद व्हायचं असेल तर या टप्प्यांसाठी व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबई बंदरातल्या छोट्या फेऱ्या शिकण्यासाठी चांगल्या आहेत. मांडव्याकडे जाताना मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागतो. न्हावा-शेव्याला जाणारं कंटेनर जहाज लांबून जागचं हलत नाही असं वाटतं आणि बघता बघता अंगावर येतं. ते मार्गिका सोडून वळू शकत नाही, चटकन थांबूही शकत नाही. म्हणून आपण मार्गिका काटकोनात आणि लवकर ओलांडायची. त्या जहाजाची दिशा होकायंत्रावर दर दोन मिनिटांनी बघायची. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, म्हणजे टक्कर होणार. ही एक गोष्ट स्किपरनं आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतली की आता किनाऱ्यावर उभं राहिलं तरी मन तेच मोजत असतं.

अलिबागच्या बाजूला गेलं की मासेमारीच्या डोल जाळ्यांसाठी समुद्रात रोवलेले खांब लागतात. मासेमारी करणाऱ्या होडीला वाट द्यायची जबाबदारी शिडाच्या बोटीची असते, हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. शीड असलं की सगळ्यांनी आपल्याला वाट द्यावी असा नव्या माणसाचा समज असतो. जाळं बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकलं तर आपला दिवस जातो आणि कोळ्याचं हजारोंचं नुकसान होतं. आमच्या बरोबरच्या एका बोटीला हे झालं. स्किपरनं जाळं न कापता तासभर पाण्यात उतरून सोडवलं, तेव्हा त्या माणसाबद्दलचा आदर वाढला. थोरल्या कान्होजी आंग्र्यांचा हा मुलूख. खांदेरी किल्ल्याजवळून जाताना 1679 साली इथं शिवाजी महाराजांच्या लहान गलबतांनी इंग्रजांना कसं जेरीस आणलं असेल ते वारा अंगावर घेतल्यावर कळतं. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजं जागच्या जागी आणि आपली वल्ह्यांवर चालणारी होडकी मोकळी.

आता वाऱ्याबद्दल, कारण सगळं त्याच्यावर आहे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून हलका मतलई वारा येतो, मग सकाळी काही वेळ सगळं निपचित पडतं आणि दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा भरतो. त्यामुळं दक्षिणेकडे जाताना वारा पाठीशी किंवा बाजूला असतो आणि प्रवास सुखाचा होतो. उत्तरेकडे परतताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, साधारण 45 अंशांचा कोन धरून आधी डावीकडे मग उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. अंतर वाढतं, बोट आपटत राहते, माणसं आजारी पडतात. नव्या माणसानं परतीचा टप्पा कधीही घेऊ नये. क्लब परतीच्या टप्प्याची फी कमी ठेवतो आणि नवखे नेमके त्यालाच भुलतात. हे क्लबनं फॉर्मवरच ठळक लिहायला हवं.

विजयदुर्ग ते मालवण हा माझा सगळ्यात आवडता टप्पा. समुद्रमार्गे सुमारे 30 सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. ताशी पाच मैलांनी चाललं तर सहा तास. पहाटे विजयदुर्गच्या वाघोटन खाडीतून नांगर उचलला. साखळीला खाडीचा काळा चिखल चिकटून येतो. तो साखळीबरोबर वर येऊ दिला तर सगळ्या बोटीत वास सुटतो, म्हणून एकानं साखळी ओढायची आणि दुसऱ्यानं बादली-ब्रशनं कडीन्‌कडी धुवायची. देवगडचं दीपगृह मागं पडलं आणि दुपारी वारा एकदम भरला. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले, बोट कलली, सुकाणू जड झालं. त्या वेळी शिक्षिकाबाई सुकाणूवर होत्या. स्किपरनं त्यांच्याकडून सुकाणू काढून घेतलं नाही. मागे उभं राहून एवढंच म्हणाले, "मॅडम, जरा वाऱ्याकडे घ्या. बास. धरा तिथंच." आम्ही दोघं डोलकाठीपाशी गेलो. शीड चढवायचा दोर हातभर सोडला, शिडाची पुढची कडी हुकात अडकवली, मागचा दोर विंचवर (दोर ओढायच्या चक्रीवर) ओढून घट्ट केला आणि शीड खालून एक पट्टा लहान झालं. ओला दोर विंचवर करकरत फिरतो तेव्हा बोटं विंचपासून चार इंच लांब ठेवायची, हे आधीच घोकून घेतलं होतं. बोट लगेच सरळ झाली, आणि वेग जवळपास तेवढाच राहिला. शीड लहान करूनही वेग कसा कमी होत नाही हे मला पुस्तकातून कधीच पटलं नसतं. फार कललेली बोट पाणी कापण्याऐवजी बाजूला घसरत असते, एवढंच त्याचं कारण.

ग्रुपचा फायदा अशाच वेळी दिसतो. मागच्या बोटीनं आमचं शीड लहान झालेलं बघून स्वतःचंही लहान केलं. दर तासाला रेडिओवर चॅनल 16वर हाक मारायची, मग दुसऱ्या चॅनलवर जाऊन आपली जागा आणि बोटीवरच्या माणसांची अवस्था सांगायची. सगळ्यात हळू बोटीच्या वेगावर दिवसाचा बेत ठरतो. काही तरुणांना याचा कंटाळा येतो, मला नाही आला.

मालवणचं बंदर खडकाळ आहे. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली कातळ पसरलेत, वाट माहीत नसेल तर आत घुसूच नये. शिवाय इथं 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळावर नांगर टाकणं म्हणजे गुन्हा आणि पाप दोन्ही. आमच्या स्किपरनं स्थानिक तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला) विचारूनच जागा निवडली. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याकडे निघायचं होतं, तर त्याच तांडेलानं सांगितलं, "आज भायर जाव नको. सांजेक वारो वाढतलो." निघालो नाही. संध्याकाळी वारा खरंच वाढला.

करवीरच्या माणसाला मालवणात बोटीनं शिरताना वेगळंच वाटतं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1812 च्या तहात इंग्रजांना देईपर्यंत मालवण बंदर आपल्या करवीर गादीचं होतं. आपण कोल्हापूरकर समुद्राला परके समजतो स्वतःला, पण आपल्या राज्याला बंदर होतं, आरमार होतं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा मराठा किल्ले गेले त्यात आपला पन्हाळा आहे आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही आहेत. पन्हाळा पायानं पाहिलाच असेल, बाकीचे पाण्याच्या बाजूनं बघा. सिंधुदुर्गाचा दरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही म्हणतात, ते बोटीतूनच पटतं.

भरती-ओहोटीसाठी फोनवर ॲप आहेत, पण कोळ्यांचा हिशोब पाठ करून ठेवा. तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा मुंबईकडचा ठोकताळा, मालवणकडे वेळ थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे लहान भरती. खाडीत शिरायचं तर हे आधी बघायचं. घरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्याचा इतका उपयोग मी याआधी केला नव्हता.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी स्किपरबद्दल. चांगला स्किपर मिळाला तर एका टप्प्यात माणूस तयार होतो. पण क्लबमध्ये असेही आहेत जे सुकाणू सोडत नाहीत, नव्या सभासदाला दिवसभर विंचवर राबवतात आणि का ते सांगत नाहीत. फी दोन्ही बोटींवर सारखीच. त्यामुळं पैसे भरण्याआधी कोणती बोट, कोण स्किपर हे विचाराच, आणि उत्तर मिळेपर्यंत भरू नका.

दुसरी तक्रार निरोपाची. हवामान बिघडलं की क्रूझ रद्द होते, ते योग्यच आहे. त्याबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही. पण निर्णय क्लबहाउसात बसून होतो आणि मुंबईच्या मंडळींना घरी जाता जाता कळतो. आम्हाला कळतं तेव्हा गाडी मिरज सोडून पुढं गेलेली असते. बाहेरगावच्या सभासदांना आदल्या दिवशी दुपारपर्यंत अंदाज कळवणं अवघड नाही. लेखी मागणी केली आहे, अजून उत्तर नाही.

तिसरी, बायकांच्या सोयीची. बोटीवर एकच संडास, तोही हातपंपाचा आणि स्वयंपाकाच्या ओट्याला लागून. त्याला इलाज नाही. पण झोपायच्या जागा वाटताना बंद दाराची केबिन महिला सभासदांना आधी मिळावी, हे दर वेळी मागावं लागू नये.

जेवणाचं म्हणाल तर हलत्या बोटीवर रस्सा-मटणाचा विचार सोडा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी, गूळ आणि आल्याची वडी. पोट रिकामं ठेवलं की मळमळ वाढते. अ‍ॅव्होमीन घेणार असाल तर निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. त्यानं झोप येते, म्हणून घेतलेल्यांनी रात्रीची पाळी घेऊ नये. मळमळलं तर खाली केबिनमध्ये पडू नका, वर या आणि क्षितिजावर नजर ठेवा.

खर्च तीन ठिकाणी होतो: सभासदत्व, टप्प्याची फी आणि डिझेल-जेवणाची वर्गणी. वर्गणीचा हिशोब प्रत्येक टप्प्यानंतर सगळ्यांसमोर मांडतात, त्यात मला कधी शंका आली नाही. गोव्यात खासगी यॉट भाड्यानं घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं आणि हातात काहीतरी येतं. पांढऱ्या तळव्याचे बूट, हातमोजे, पाणी न शिरणारी पिशवी आणि डिसेंबरच्या पहाटेसाठी जाड जॅकेट एवढं घ्या. बाकी सामान क्लब देतो. एका बोटीवरची लाइफ जॅकेट जुनी होती, पट्टे झिजलेले. ती दाखवून बदलून घेतली. तुम्हीही चढताना पट्टा ओढून बघा, लाजू नका.

पंचगंगेत पुराच्या पाण्यात उड्या मारलेल्या आपल्या पोरांना जॅकेट घालायला कमीपणा वाटतो. आमच्यातल्या एकानं नको म्हटलं तेव्हा स्किपरनं बोट धक्क्यावरून हलवलीच नाही. समुद्रात पडलेला माणूस लाटांमध्ये क्षणात दिसेनासा होतो, आणि शीड सोडून बोट वळवून त्याच्यापाशी येईपर्यंत तो दमतो. पोहणं कितीही चांगलं असलं तरी वेळ पुरत नाही. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर फोनमध्ये ठेवा.

लहान मुलांना लांब टप्प्यावर नेऊ नका, मुंबई बंदरातली एक दिवसाची फेरी त्यांना पुरे. पावसाळ्यात क्लब बंद असतो, तेवढ्या काळात गाठी शिकून घ्या. बोलाइन ही न सरकणाऱ्या फाशाची गाठ डोळे मिटून बांधता आली पाहिजे, कारण रात्री खरंच तशीच बांधावी लागते. दोन मीटर दोर आणि खिडकीचा गज एवढंच लागतं. पुढच्या हंगामात विजयदुर्ग-मालवण टप्प्याला आम्ही पुन्हा जाणार आहोत. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडून कुणी येणार असेल तर गणपती झाल्यावर लगेच क्लबकडे नाव द्या, त्या टप्प्याच्या जागा सगळ्यात आधी भरतात.