इंग्रजी शब्दसंपत्तीसाठी अँकी: अकरावी-बारावीच्या मुलांसोबत वर्षभर वापरल्यावर

मुलांचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून अँकी हे ठरावीक अंतराने कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप वापरावं का, असं पालक आणि सहकारी शिक्षक मला वरचेवर विचारतात. माझं उत्तर 'हो' आहे, पण एका अटीवर. मूल रोज इंग्रजीतलं थोडं तरी वाचत असलं पाहिजे. वाचन नसेल तर या ॲपमध्ये घालायला स्वतःचं काही नसतं, आणि दुसऱ्याने घालून दिलेले शब्द डोक्यात फार काळ राहत नाहीत. जून महिन्यात अकरावीच्या वर्गासोबत सुरुवात केली. आता ती मुलं बारावीत आहेत आणि बहुतेकांच्या फोनमध्ये अँकी अजून चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातली बरीचशी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात किंवा सेमीत शिकलेली. अकरावीत सायन्सला आली की सगळी पुस्तकं इंग्रजीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मुलं पारिभाषिक शब्दांना अडत असतील. तसं होत नाही. 'व्हेलॉसिटी', 'कॅटॅलिस्ट', 'मायटोकॉन्ड्रिया' हे शब्द सगळ्यांनाच नवीन असतात, शिक्षक ते फळ्यावर लिहून समजावतात आणि मुलं ते पाठ करतात. अडतात ती 'व्हेअरबाय', 'कॉन्स्टिट्यूट', 'डिराइव्ह', 'नॉनदलेस', 'इन्ट्रिन्सिक' अशा शब्दांना. ते समजावून सांगणं हे फिजिक्सच्या सरांना आपलं काम वाटत नाही, आणि इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातल्या कथा-कवितांमध्ये ते फारसे भेटत नाहीत.

न्यूझीलंडमधल्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली नेमकी अशाच शब्दांची यादी प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांतलं सुमारे 35 लाख शब्दांचं शैक्षणिक लेखन तपासून त्यांनी 570 शब्दकुळं काढली (कूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली त्याची रूपं). अत्यंत वापरातले पहिले 2000 इंग्रजी शब्द त्यांनी आधीच वगळले होते. एवढ्या 570 कुळांत शैक्षणिक मजकुरातले साधारण 10 टक्के शब्द येतात, म्हणजे पानावरचा दर दहावा शब्द. ही यादी फुकट मिळते आणि दहा भागांत वारंवारितेनुसार लावलेली आहे. पहिल्या भागात 'असेस', 'डिराइव्ह', 'एव्हिडंट' असे शब्द, शेवटच्या भागात 'ऑलबीट', 'इन्ट्रिन्सिक', 'नॉटविथस्टँडिंग'. प्रगत शब्दसंपत्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जीआरईच्या (परदेशी उच्च शिक्षणासाठीच्या प्रवेश परीक्षेच्या) याद्यांमधले दुर्मीळ शब्द येतात. माझ्या मते प्रगत पातळी या 570 कुळांपासून सुरू होते. ती पक्की नसताना 'पल्क्रिट्यूड' पाठ करणाऱ्या मुलाचं मला वाईट वाटतं, कारण त्याची मेहनत खरी असते आणि ती भलत्याच ठिकाणी जाते.

आता ॲपबद्दल. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये अँकी बाहेर काढलं. कॉम्प्युटरवर ते मोफत आहे, अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइडही मोफत आहे, जाहिराती नाहीत. आयफोनवरच्या अधिकृत ॲपला मात्र एकदाच चांगली रक्कम मोजावी लागते, पण आयफोनच्या ब्राउझरमध्ये अँकीवेब ही अँकीची वेबसाइट उघडून कार्डं फुकट बघता येतात. कल्पना साधी आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर मनात आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि चार बटणांपैकी एक दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, इझी. आठवलं तर तेच कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी समोर येतं. विसरलात तर लगेच परत येतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरलं जातं. विसरायच्या बेताला आठवण करून देणं, यावर अँकीचं सगळं गणित उभं आहे. आधी ते पोलंडच्या प्योत्र वोझ्नियाक यांच्या एसएम-2 या, कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीवर चालायचं. 2023 पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धतही आहे, आणि ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येते. मी सगळ्या मुलांना ती चालू करायला लावली. तिच्यात 'मला किती टक्के आठवलं पाहिजे' हे आपण ठरवू शकतो. मुळात ते 90 टक्के असतं, आणि तेवढंच राहू द्यावं. 97 वर नेलं तर कार्डांचा नुसता पाऊस पडतो.

'हार्ड' बटणाबद्दल एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी. उत्तर आठवलं नाही की मुलांना 'अगेन' दाबायचा संकोच वाटतो, नापास झाल्यासारखं वाटतं, म्हणून ती 'हार्ड' दाबतात. पण 'हार्ड' म्हणजे आठवलं, फक्त कष्टाने आठवलं. न आठवता 'हार्ड' दाबलं की ॲपला वाटतं शब्द येतोय, आणि तो पुढे ढकलला जातो. मी वर्गाला सरळ सांगितलं, आमच्याकडे दोनच बटणं आहेत, अगेन आणि गुड. बाकीची दोन विसरा. त्याने सगळं सुरळीत झालं.

खरा मुद्दा कार्डाचा आहे, आणि इथे थोडं थांबते.

अँकीवेबवर हजारो तयार संच आहेत. कोणीही बनवून टाकू शकतं, त्यामुळे दर्जा कसाही असतो. मुलांना काही सांगण्याआधी मी इंग्रजी शब्दांचे बरेच संच उघडून पाहिले. एकात शब्द आणि समोर चार-पाच समानार्थी शब्दांची माळ. दुसऱ्यात अर्थ सरळ चुकीचे. जे बरे होते त्यांतही एक अडचण कायम राहते: शब्द कुठून आला हे मुलाला माहीतच नसतं. 'मिटिगेट म्हणजे तीव्रता कमी करणे' हे त्याला आठवतं, पण 'मिटिगेट' जोखमीसोबत येतो, नुकसानीसोबत येतो, पाण्याची टाकी रिकामी करण्यासोबत येत नाही, हे त्याला कोण सांगणार? म्हणून आमचा नियम असा की ज्या वाक्यात शब्द भेटला ते पूर्ण वाक्य कार्डावर असलंच पाहिजे.

आम्ही वाचायला काय घेतलं? आठवड्यातून दोनदा इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख, बायोलॉजीच्या पुस्तकातलं एखादं पान, आणि डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण, थोडं थोडं करत. हे भाषण मी मुद्दाम निवडलं. विषय मुलांच्या जिव्हाळ्याचा, आशय मराठीतून आधीच ओळखीचा, आणि इंग्रजी इतकं नेटकं की प्रत्येक परिच्छेदात दोन-तीन शब्द सापडतात. राजकारणातली भक्ती किंवा विभूतिपूजा ही अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीची हमखास वाट आहे, असं त्यांनी म्हटलं ते वाक्य घ्या. मूळ वाक्य कार्डावर टाकायचं आणि 'डिग्रेडेशन'च्या जागी रिकामी चौकट ठेवायची. अँकीत याला 'क्लोझ' म्हणतात, शब्द निवडून एक बटण दाबलं की चौकट तयार होते. मूल वाक्य वाचतं, शब्द आठवतं, कार्ड उलटतं. मागच्या बाजूला विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशातली सोपी व्याख्या, हवा असेल तर मराठी अर्थ, आणि उच्चार ऐकण्याची सोय.

उच्चार ऐकायचाच, याबाबतीत मी आग्रही आहे. 'एपिटमी'ला 'एपिटोम' आणि 'हायपर्बली'ला 'हायपरबोल' म्हणत मोठी झालेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. अँकीड्रॉइड फोनमधल्या आवाजाकडून कार्ड वाचून घेऊ शकतं, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही.

कार्डाच्या मागे आणखी एक ओळ असते, मुलाने स्वतः लिहिलेलं वाक्य. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. एका मुलीने 'रिलक्टन्ट' या शब्दाखाली लिहिलं होतं: 'माय ग्रँडफादर वॉज रिलक्टन्ट टू सेल द बुल्स, बट ही सोल्ड देम बिफोर दिवाळी.' मी तिच्या वहीत नुसती बरोबरची खूण करू शकले नाही, त्या बैलांची नावं विचारली. काही महिन्यांनी तोंडी परीक्षेत तिला विचारलं, पुढे काय करायचं ठरवलंय? ती म्हणाली, 'ॲट फर्स्ट माय पेरेंट्स वेअर रिलक्टन्ट टू सेंड मी टू पुणे, मॅडम.' एवढं बोलून ती पुढच्या वाक्याकडे गेली. शब्द वापरल्याचं तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मला यासाठीच हा सगळा खटाटोप करायचा होता.

दुसरा प्रकार आहे जोडीने येणाऱ्या शब्दांचा. आपल्याकडे 'डिस्कस अबाउट', 'कोप अप विथ', 'कम्प्राइझेस ऑफ' हे इतकं ऐकू येतं की मुलांना ते बरोबरच वाटतं. 'विषयावर चर्चा करणे' डोक्यात असतं, म्हणून 'अबाउट' आपोआप येतो. यासाठी शब्दाला सोडून शेजाऱ्याला झाकायचं. 'शी कुडन्ट कोप ___ द प्रेशर.' चौकटीत फक्त 'विथ'. 'द गव्हर्नमेंट ___ अ टॅक्स ऑन शुगर', इथे 'लेव्हीड'. 'पोझ' घेतला तर तो 'थ्रेट', 'चॅलेंज' आणि 'प्रॉब्लेम' यांच्यासोबतच टाकायचा. 'अंडरगो' असेल तर 'सर्जरी' आणि 'ट्रेनिंग'. अशी कार्डं दिसायला क्षुल्लक वाटतात, पण निबंधात सर्वाधिक फरक यांनीच पडला. मुलांचं लेखन अवघड शब्दांनी भरलं नाही, ते बिनचूक व्हायला लागलं.

किती कार्डं? ॲपमध्ये रोज 20 नवी कार्डं असा आकडा आधीच भरलेला असतो. तो बदला. नवीन कार्डांच्या साधारण दहापट उजळणी रोज अंगावर येते, म्हणजे 20 नवी असतील तर काही आठवड्यांत रोज 200 च्या आसपास. अकरावीच्या मुलाकडे फिजिक्स-केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं आहेत, क्लास आहे, घरची कामं आहेत. आम्ही 5 ठेवली. उजळणी एसटीच्या प्रवासात होऊन जाते. नेट लागत नाही, हे आमच्या घाटरस्त्यावर फार उपयोगाचं आहे. रोज पाचच्या हिशेबाने वर्षात 1800 च्या पुढे जाता येतं. सुट्ट्या, परीक्षा वजा करूनही 570 कुळं आणि वर बरंच काही बसतं.

गणपती आणि दिवाळीत मात्र सगळ्यांचीच कार्डं साचली. साचलेली कार्डं बघून काही मुलांनी ॲप उघडणंच सोडलं. यावर उपाय असा की नवीन कार्डं शून्यावर आणायची, रोजच्या उजळणीला 50 ची मर्यादा घालायची आणि आठ-दहा दिवस फक्त साठा उपसायचा. वारंवार विसरला जाणारा शब्द ॲप स्वतःच हेरतं, आठदा चुकला की त्यावर 'लीच' अशी खूण करतं. असे शब्द मी शनिवारच्या तासाला घेते. बहुतेक वेळा कार्डावरचं वाक्यच अवघड असतं. दुसरं वाक्य दिलं की शब्द बसतो.

ॲप दिसायला रुक्ष आहे. पहिल्या दिवशी सेटिंगांचं जंगल बघून मुलं बावचळतात, कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. फोनवर कार्ड टाइप करायला वेळ लागतो, म्हणून आम्ही ते काम कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये करतो आणि अँकीवेबवरून फोनवर घेतो. शब्द कोणता निवडायचा हे ते सांगत नाही. बोलायला शिकवत नाही. आठवड्यातून एकदा मी मुलांना त्या आठवड्यातले चार-पाच शब्द वापरून एक परिच्छेद लिहायला लावते. ते थांबवलं तर शब्द ओळखू येतात, लिहिताना सुचत नाहीत.

तीन आठवड्यांवर परीक्षा आली असेल तर अँकी सुरू करू नका, त्या अवधीत त्याचा फायदा दिसत नाही. जीआरईची तयारी करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, पण तिथेही संदर्भासकट कार्डं बनवा. 2011 पासून त्या परीक्षेत सुटे विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत, सगळे प्रश्न वाक्याच्या आणि उताऱ्याच्या अंगाने येतात. ज्यांना इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र न अडखळता वाचायचं आहे त्यांचा पल्ला लांबचा आहे. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या हिशेबाने त्यासाठी 8000 ते 9000 शब्दकुळं लागतात. तेवढी कार्डं कोणी बनवू नयेत. तिथवर भरपूर वाचूनच जायचं, कार्डं फक्त हातातून निसटणाऱ्या शब्दांसाठी.

माझी मुलं आता बारावीच्या आणि मग सीईटीच्या धावपळीत असतील. त्यांना सांगितलंय, जानेवारीपासून नवीन कार्डं शून्य ठेवा, उजळणी तेवढी चालू द्या, झोपायच्या आधी पाच-दहा मिनिटं. यंदाच्या अकरावीला मी पहिला महिना ॲप देणार नाही. आधी वही, त्यात वाचलेली वाक्यं आणि त्याखाली स्वतःचं वाक्य. ज्यांच्या वहीत रोज काहीतरी उतरेल त्यांना जुलैअखेर लॅबमध्ये नेऊन अँकी लावून देईन.